तबकडीवरचा देश

परवा जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. "सध्या कशावर लिहिणं चाललंय, ताई?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "एका चेक कंडक्टरवर." वहिनींचे यजमान एसटीच्या पनवेल आगारातून निवृत्त झालेले. त्या ताबडतोब म्हणाल्या, "म्हणजे मध्येच चढून तिकिटं तपासतो तो? त्याला चेकर म्हणतात." मी हसले खरी, पण घरात आल्यावर वाटले, वहिनींचे काही चुकले नाही. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला तरी 'चेक' म्हटल्यावर दुसरे काय आठवते? सही जुळत नाही म्हणून परत गेलेला चेक आणि त्यावर काउंटरवर झालेली वादावादी! राहता राहिला 'ऑर्केस्ट्रा'. तो आपल्याला गणेशोत्सवातला ठाऊक. हिंदी गाणी म्हणणारा आणि मध्येच मिमिक्री करणारा. आमच्या पनवेलच्या रस्त्यावर 'ऑर्केस्ट्रा' अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ काय होतो, हे रविवारच्या पुरवणीत सांगण्याचे कारण नाही.

तर असे हे तीन शब्द आणि तिन्हींचा आपल्याकडचा अर्थ भलताच. तरीही आज मला लिहायचे आहे ते ज्यांच्या तबकड्या जपून ठेवल्या गेल्या त्या चेक वाद्यवृंदसंचालकांबद्दल, आणि आपण ज्या टाकून दिल्या त्या तबकड्यांबद्दल. त्यातल्या काही मी स्वतः टाकल्या आहेत. तेव्हा हे लिहिणे थोडेफार कबुलीजबाबासारखे होईल; वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात एका धुनीने करते. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांनी ती ऐकलेली आहे. घरात अजून अंधार असायचा, आई स्टोव्हला पंप मारत असायची आणि रेडिओतून आधी तंबोऱ्याचा गुंजारव आणि मग त्यावर व्हायोलिनचे ते चारदोन आर्त सूर यायचे. आकाशवाणी केंद्र सुरू होण्याआधीची ती धून. शिवरंजनीच्या अंगाने जाणारी. आम्हा मुलांना ती आवडत नसे, कारण ती वाजली म्हणजे अंथरुणातून उठावे लागे. पण आज कुठे कानावर पडली, तर स्टोव्हच्या रॉकेलचा वास येतो.

ही धून एका चेक माणसाची आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. चेक म्हणजे जन्माने बोहेमियातला. भाषेने जर्मन आणि धर्माने ज्यू. वॉल्टर काउफमान त्याचे नाव. १९०७ साली कार्ल्सबाडला त्याचा जन्म झाला. बर्लिनला आणि प्रागला तो शिकला, वाद्यवृंद चालवू लागला, आणि तेवढ्यात जर्मनीत हिटलर आला. १९३४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, हा माणूस मुंबई बंदरात उतरला. मुंबईच का? तर इथला व्हिसा चटकन मिळत होता आणि मोहन भवनानी हे चित्रपटनिर्माते त्याच्या बर्लिनमधल्या दिवसांपासून ओळखीचे होते. थोडे दिवस राहू आणि पाहू, असा त्याचा बेत होता. राहिला बारा वर्षे.

आल्या आल्याच त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम होत. पियानोवर स्वतः काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता. हे मेहली म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. १९३५ साली ज्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला ते. १९३७पासून १९४६पर्यंत काउफमान मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीच्या धुनीच्या श्रेयाबद्दल थोडाफार वाद आहे. पण बहुतेक अभ्यासकांचे पारडे काउफमानच्याच बाजूने झुकते, आणि धुनीतले व्हायोलिन मेहलींचे, असे सांगितले जाते. त्याची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. गेर्टीची आई आणि दोन्ही मावश्या पुढे नाझींच्या हातून मारल्या गेल्या. पहाटेच्या त्या चारदोन सुरांच्या मागे एवढे सगळे उभे आहे. आम्ही मात्र उशीत तोंड खुपसून 'आई, रेडिओ बंद कर' म्हणत होतो.

काउफमानची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे आल्यावर त्याने हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या मिळवून ऐकल्या. त्याला त्या मुळीच कळल्या नाहीत. परक्या आणि विचित्र वाटल्या. आता असे झाले की आपण काय करतो? 'हे काय गाणे आहे!' म्हणून मोकळे होतो. काउफमानने उलटा हिशेब मांडला. ज्या अर्थी हे गाणे जीव लावून, डोके वापरून केलेले आहे आणि ज्या अर्थी लाखो माणसांना ते आवडते, त्या अर्थी दोष गाण्यात नाही, माझ्यात आहे. मग तो पुन्हा पुन्हा ऐकत राहिला, माणसांना भेटत राहिला, स्वर उतरवून घेत राहिला. भारत सोडून गेल्यावर कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा तो संचालक झाला, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. आणि १९६८ साली त्याचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा आणि १९७६ साली दक्षिणेकडच्या रागांवरचा ग्रंथ आला. न कळलेल्या तबकडीपासून निघालेला माणूस कुठवर गेला पाहा! १९८४ साली तो गेला. त्याच्या स्वतःच्या रचनांची तबकडी टोरांटोच्या वादकांनी काढली ती २०२० साली. मुंबईतल्या त्या गुरुवारच्या मैफलींतले मात्र माझ्या कानापर्यंत काही पोचलेले नाही. पोचली ती एवढी धून.

दोष आपल्यात आहे असे समजून पुन्हा ऐकणे, हे मला शिकवले ते आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी. अर्थात काउफमानचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. १९८३-८४ची गोष्ट. मी फोर्टमधल्या शाखेत क्लार्क होते, ते अकाउंटंट. गिरगावात चाळीत राहायचे. त्यांचे थोरले बंधू रांचीला हेवी इंजिनीअरिंगच्या कारखान्यात. तिथला ओतकामाचा विभाग चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने उभा राहिला होता, म्हणून बंधूंना प्रशिक्षणासाठी तिकडे धाडले होते. (चेक लोकांचे आणि आपले नाते आपण समजतो त्यापेक्षा जुने आहे. आपण 'बाटा'चे बूट घालून शाळेत गेलो, ते बाटा घराणे मूळचे तिकडच्या झ्लिन गावचे; आणि आमच्या कॉलेजच्या फाटकाशी फटफटणारी 'जावा'ही तिकडचीच.) बंधूंनी येताना काचेची भांडी आणली आणि काही तबकड्या. भांडी वहिनींनी घेतली, तबकड्या साहेबांकडे आल्या.

एका शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर साहेबांनी आम्हा दोघी-तिघींना घरी नेले. "बाई, वीस मिनिटं काही बोलायचं नाही," त्यांनी बजावले आणि सुई टेकवली. स्मेतानाची 'माझा देश' ही सहा भागांची रचना, त्यातला दुसरा भाग, 'व्हल्तावा' नदीचा. वादक चेक फिलहार्मोनिक, संचालक व्हाक्लाव्ह तालिख. आधी बासऱ्या आणि त्यांच्या पाठोपाठ क्लॅरिनेटे झुळझुळायला लागतात, ते दोन झरे. ते एकत्र येतात, व्हायोलिने उचलतात आणि नदी होते. काठावर शिकार चाललेली ऐकू येते, पुढे एका खेड्यात लग्नाचा नाच, मग चांदणे, मग खडकांवरून आदळणारे पाणी, आणि शेवटी प्राग शहर. मला तेव्हा यातले काहीही ऐकू आले नाही. मला ऐकू आले ते एवढेच, की पुष्कळ माणसे एकदम वाजवताहेत आणि आपली ५.२२ची लोकल चुकणार. साहेबांना ते दिसले असावे. "पुढच्या शनिवारी परत या," ते म्हणाले. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मला लग्न सापडले.

हा तालिख कोण? १८८३ साली जन्मलेला, १९१९पासून १९४१पर्यंत चेक फिलहार्मोनिकचा मुख्य संचालक. वादकांना विभागवार, आधी व्हायोलिने वेगळी, मग चेलो वेगळे असे बसवून तालमी घेणारा, मास्तरकीचा माणूस. त्याने 'माझा देश' तबकड्यांसाठी तीन वेळा मुद्रित केले: १९२९, १९४१ आणि १९५४ साली. साहेबांकडची तबकडी १९५४ची. पण या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट आहे १९३९ची. त्या वर्षी १५ मार्चला हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात तालिखने 'माझा देश' वाजवले. देश परक्याच्या टाचेखाली आणि रंगमंचावर त्याच देशाच्या नद्या, किल्ले, दंतकथा! शेवटचा सूर विरल्यावर टाळ्या थांबेनात, आणि मग लोक उभे राहून राष्ट्रगीत म्हणू लागले. तो कार्यक्रम नभोवाणीवरून थेट बाहेरच्या देशांत गेला होता. नॉर्वेच्या नभोवाणीने तो मुद्रित करून घेतला आणि ओस्लोच्या कपाटात ठेवून दिला. तिथून तो सापडला, आणि २०११ साली चेक कंपनीने तो प्रसिद्ध केला. बहात्तर वर्षांनी! त्यात लोकांचे ते गाणेही आहे.

मी तो ऐकला आहे. आवाज दबलेला आहे, खरखर आहे. नव्या मुद्रणाशी तुलना केली तर तांत्रिकदृष्ट्या त्याला पासापुरतेही गुण मिळणार नाहीत. पण त्या खरखरीच्या आड एक सबंध सभागृह श्वास रोखून बसलेले आहे, आणि ते नव्या कुठल्याही मुद्रणात मिळणार नाही.

तालिखचे पुढे काय झाले? १९४१ साली नाझींच्या फर्मानावरून त्याला वाद्यवृंद घेऊन जर्मनीत जावे लागले. तिथेही तो 'माझा देश' वाजवूनच आला. युद्ध संपल्यावर स्वतःच्याच लोकांनी, 'तू शत्रूपुढे वाजवलेस' म्हणून त्याला तुरुंगात टाकले. आरोप सिद्ध झाला नाही, सुटला. पण नव्या राजवटीत त्याचा छोटा वाद्यवृंद बंद पाडला गेला, आणि त्याला ब्रातिस्लाव्हाला जावे लागले. आमच्या बँकेत खातेनिहाय चौकशीतून निर्दोष सुटलेल्या माणसाला आडगावच्या शाखेत पाठवीत, त्यातलाच हा प्रकार. त्याने काय केले? तिथे नवा वाद्यवृंद बांधला. त्याच्यानंतर प्रागमध्ये राफाएल कुबेलिक आला. कम्युनिस्ट आल्यावर तो १९४८ साली देश सोडून गेला, आणि बेचाळीस वर्षांनी, १९९०च्या मे महिन्यात, परत येऊन त्याने प्रागमध्ये तेच 'माझा देश' वाजवले. मधल्या काळातला कारेल आन्चेर्ल तर आउशवित्झहून परत आलेला. बायको-मुलगा तिथेच गेले. १९५०पासून १९६८पर्यंत तो चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. या तिघांच्या तबकड्या एकापाठोपाठ एक लावल्या, तर त्या देशाचा विसाव्या शतकाचा इतिहास ऐकून होतो. पुस्तक उघडावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे हो; पण आपल्याला त्याचे काय? आपले संगीत वेगळे, त्यांचे वेगळे. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मोबाइलची धून बहुधा हिंदी सिनेमातली असते. त्या सिनेमातल्या गाण्यामागची साठ साठ व्हायोलिने कोण वाजवत होते? गोव्याचे आपले वादक. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर रचना वाजवल्या होत्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातला अँथनी गोन्साल्विस तो हाच. शिष्य प्यारेलालनी गुरूला केलेला तो नमस्कार. सलील चौधरींनी 'छाया'तल्या (१९६१) गाण्याला मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची चाल घेतली, तेव्हा आपण 'हे परके आहे' म्हटले का? तोंडपाठ केले! तेव्हा आपला कान तयार आहे, फक्त आपल्याला ते कोणी सांगितलेले नाही.

उलट, मला तर वाटते की जुन्या तबकड्या ऐकायला मराठी कान नव्या युरोपीय कानापेक्षा जास्त लायक आहे. तालिखच्या १९३५च्या, लंडनला मुद्रित केलेल्या द्वोर्झाकच्या तबकड्या ऐका. त्यातली व्हायोलिने एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, घसरत जातात. ती चक्क मींड आहे! पुढच्या पिढीतल्या वादकांनी ती जुनाट, भावविवश म्हणून सोडून दिली. आजचा वाद्यवृंद स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यासारखा वाजतो. आपल्याला मात्र सुराला सूर लागून येण्याची सवय, त्यामुळे ते जुने वादन ऐकताना कोणीतरी ओळखीचे भेटल्यासारखे होते.

आणखी एक गंमत. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर फार तर साडेचार मिनिटे मावत. तिकडे सिंफनी अखंड असायची आणि तबकडीसाठी तिचे तुकडे पाडावे लागत. साडेचार मिनिटे झाली की नदी मध्येच थांबणार, तुम्ही उठून तबकडी उलटणार, मग नदी पुन्हा वाहणार. आपल्याकडे तबकडी आणखी लहान, तीन-साडेतीन मिनिटांची, पण आपल्या गायकांनी तुकडे पाडले नाहीत. त्यांनी तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. कुठे घाई वाटते? पोस्टकार्डावर सबंध पत्र लिहिणारी आपली मागची पिढी होती, तशी ही कला. आणि या दोन्हीकडच्या तबकड्या घडवल्या होत्या लाखेच्या. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढवून आपल्या छोटा नागपूरच्या जंगलातल्या आदिवासींनी ती लाख खरवडून काढायची, ती जहाजाने जगभर जायची. तालिखची नदी ज्या लाखेवर कोरली गेली, ती आपल्याच रानातली असण्याचा संभव बराच मोठा. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा आखडला, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या केल्या गेल्या. किती आवाज त्यात दळले गेले असतील!

इथे माझा कबुलीजबाब येतो.

माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, चावीचा फोनो होता आणि पन्नास-पंचावन्न तबकड्या. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई. अण्णा १९९४ साली गेले. १९९६ साली आम्ही दादरची भाड्याची खोली सोडून कळंबोलीला सिडकोच्या घरात आलो. ज्यांनी त्या काळात असे घर बदलले आहे त्यांना कळेल: नवे घर म्हणजे जुने काही न्यायचे नाही, असा एक कैफ असतो. मी भंगारवाल्याला बोलावले. त्याने फोनोचा पितळी कर्णा उचलून वजन केले आणि पैसे दिले. तबकड्यांना तो हात लावेना. "लाखेला भाव नाही, बाई," म्हणाला. मी म्हटले, "तसेच ने." त्याने माझ्यावर उपकार केल्यासारख्या त्या पोत्यात भरल्या. पायऱ्या उतरताना त्यातल्या काही फुटल्याचा आवाज आला. मला तेव्हा काही वाटले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

आई त्या वेळी काही बोलली नाही. कळंबोलीला आल्यावर, रात्री पोलाद बाजारात ट्रेलरवरून सळ्या उतरवल्याचा खणखणाट पहिल्यांदा ऐकला, त्या रात्री झोप येईना तेव्हा म्हणाली, "अण्णा प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं तारीख घालायचे, कधी घेतली, कुणाबरोबर ऐकली. खाँसाहेबांच्या भैरवीवर तुझ्या जन्माची तारीख होती. दवाखान्यातून घरी आले आणि आधी ती लावली होती त्यांनी."

ती भैरवी आज माझ्या मोबाइलवर आहे. माझा भाचा म्हणतो, "मावशी, सगळं असतं ना यूट्यूबवर, कशाला त्रास करून घेतेस?" त्याचे खरेच आहे, आवाज मिळतो. पण तो तिथे असतो तोही कोणीतरी तबकडी भंगारात न टाकल्यामुळे असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. आणि पेन्सिलीची तारीख तर कुठल्याच यूट्यूबवर नाही.

आम्ही स्वतःला गानवेडे म्हणवतो. बँकेत फाटक्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांनाही 'रेकॉर्ड' म्हणतात आणि ते ठरलेली वर्षे जपल्याशिवाय, वर परवानगी मागितल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. दहा रुपयांच्या व्हाउचरला हे संरक्षण. गाण्याच्या रेकॉर्डला नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपल्याकडे नाही. भास्करबुवा बखल्यांचा नाही. ते ध्वनिमुद्रणाच्या वाटेला गेले नाहीत, ती त्यांची मर्जी. पण जे गेले, ज्यांनी गायले, त्यांचे तरी आपण काय केले? अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या तबकडीवर घालून अवकाशात पाठवली. ती आंतरतारकीय अवकाशात पोचली. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन ती ऐकायची म्हटले, तर कुठे सोय आहे का ते विचारून पाहा.

सगळेच चित्र काळे आहे असे नव्हे. मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी पदरमोड करून, जुन्या बाजारांत धूळ खात हिंडून ज्या तबकड्या वाचवल्या, त्यांची मोजदाद पैशात होणार नाही. आकाशवाणीनेही २००३पासून आपल्या संग्रहातले काही संगीत प्रसिद्ध केले. पण हौशी माणसांच्या पदरमोडीवर एका समाजाची आठवण किती दिवस चालायची? माझे म्हणणे साधे आहे. आकाशवाणीचा संग्रह हा विकाऊ माल नव्हे; तो आमच्या रेडिओ-लायसनच्या पैशांतून, पोस्टात रांगा लावून भरलेल्या पैशांतून, तयार झाला आहे. तो ऐकायला कुणालाही सहज मिळाला पाहिजे. आणि जिल्ह्या-तालुक्यांच्या ग्रंथालयांत जशी वर्तमानपत्रे वाचायला बाक असतात, तसे ऐकायला एक बाक, एक यंत्र आणि दोन हेडफोन असायला काय हरकत आहे? लोक घरातल्या तबकड्या आणि कॅसेटी तिथे आणून देतील. आज त्यांना कुठे द्यायच्या हे माहीत नसते म्हणून ते भंगारवाल्याला बोलावतात. मी बोलावला तसा.

हिशेबाच्या पुस्तकात एक रिवाज आहे. टेबल-खुर्चीवर दरवर्षी घसारा लावत लावत तिची किंमत उतरते. पण वस्तू जागेवर असेपर्यंत ती शून्य करत नाहीत, एक रुपया ठेवतात. म्हणजे वस्तू आहे, एवढी नोंद राहते. आम्ही आमच्या जुन्या आवाजांना तो एक रुपयाही ठेवला नाही.

सहा वर्षांपूर्वी फोर्टचे ते साहेब गेले. त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. "बाबा सांगून गेलेत, तबकड्या तुम्हाला द्यायच्या. न्याल का? नाहीतर घर रिकामं करतोय..." मी वाक्य पुरे होऊ दिले नाही. टॅक्सी करून गेले आणि खोके मांडीवर घेऊन कळंबोलीला आले. सायन-पनवेल रस्त्यावरचा एकेक खड्डा मला स्वतःच्या हाडांत जाणवला. घरी येऊन पहिले काम केले ते पाकिटे तपासण्याचे. साहेबांनी तारखा घातलेल्या नव्हत्या. मग मीच एकावर पेन्सिलीने घातली.

जिन्यातल्या त्या संभाषणानंतरच्या रविवारी मी वहिनींना चहाला बोलावले आणि साहेबांनी बजावले होते तसेच बजावून तालिखची नदी लावली. खिडकीतून आमची कासाडी दिसते; तळोज्याच्या कारखान्यांनी तिचे काय केले ते पनवेलकरांना सांगायला नको. वहिनी पदर सावरून, परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या. दोन झरे गेले, शिकार गेली. मी काही सांगितले नव्हते. मग व्हायोलिनांनी तो ठेका धरला तशी त्यांची मान किंचित हलली आणि त्या माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाल्या,

"ताई, इथं कुणाचं तरी लग्न चाललंय का हो?"